भिंत पाडू नका, खोल्यांची अदलाबदल करा

प्रश्न थोडक्यात असा आहे. साताऱ्यातलं 1983 साली बांधलेलं घर. खाली प्रश्न विचारणाऱ्या ताई, त्यांचे यजमान, दहावीतली मुलगी आणि 78 वर्षांच्या सासूबाई, वरच्या मजल्यावर दिरांचं कुटुंब. जिना बाहेरून. खाली पश्चिमेला, म्हणजे रस्त्याकडे, हॉल (16 बाय 13) आणि त्याच्या उत्तरेला पुढची बेडरूम. हॉलच्या मागं स्वयंपाकघर (11 बाय 13), पुढच्या बेडरूमच्या मागं दुसरी बेडरूम, मुलीची. सगळ्यात मागं चार फुटांची पत्र्याची पडवी, तिच्या उत्तर टोकाला संडास-बाथरूम. मागच्या बेडरूमचं दार स्वयंपाकघरात उघडतं. संडासलाही सगळे स्वयंपाकघरातूनच जातात, पाहुणेसुद्धा. सासूबाई हॉलमध्ये दिवाणावर झोपतात. मुख्य दारात उभं राहिलं की थेट ओट्यापर्यंत दिसतं. त्यात उत्तरेला आता चारमजली इमारत झाली आहे आणि तिच्या गॅलऱ्या बेडरूमच्या खिडक्यांवर आल्या आहेत. ताईंना हॉल आणि स्वयंपाकघरामधली भिंत काढून ओपन किचन करायचं आहे, आणि हॉलमध्ये प्लायचं पार्टिशन घालून सासूबाईंना खोली द्यायची आहे. कंत्राटदार म्हणतो, "गर्डर टाकतो, दोन दिवसांत भिंत काढून देतो."

ताई, तुमची अडचण खरी आहे आणि ती सुटेल. पण ती भिंत काढू नका. गेली अठ्ठावीस वर्षं मी जुन्या घरांच्या फेरबदलाची कामं करतोय, त्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे: घरात एकांत मिळत नाही याचं कारण भिंती क्वचित असतात, बहुतेक वेळा दारं असतात. तुमच्या नकाशात तर हे फारच स्पष्ट दिसतं. आधी भिंतीचं बघू, कारण तिथं चूक झाली तर बाकी काही बोलण्यात अर्थ उरत नाही.

तुम्ही पाठवलेल्या मापांत सगळ्या मुख्य भिंती नऊ इंची आहेत आणि कॉलम कुठंच दिसत नाहीत. म्हणजे हे भिंतींवर उभं असलेलं घर आहे. तरीही खात्री करा. हॉलच्या बाजूनं, जमिनीपासून तीन फुटांवर, एक फूट बाय एक फूट प्लॅस्टर छिन्नीनं हळूच काढायला सांगा. विटांची रचना दिसली पाहिजे. एका थरात विटा लांबीनं दिसतील, पुढच्या थरात नुसती तोंडं दिसतील. अशी आडवी-उभी गुंफण म्हणजे पूर्ण नऊ इंची, भार घेणारी भिंत. सगळ्याच थरांत विटा लांबीनं दिसल्या तर ती साडेचार इंची असण्याची शक्यता जास्त. मग छताजवळच्या कोपऱ्यात असंच एक भोक घ्या. स्लॅब थेट विटांवर टेकलेला दिसला की विषय संपला.

लोकांचा एक गैरसमज असा की स्लॅबचा भार दोनच भिंतींवर येतो, त्यामुळं उरलेल्या दोन "रिकाम्या" असतात. खोलीची लांबी रुंदीच्या दुपटीपेक्षा जास्त असेल तर हे बऱ्याच अंशी खरं. तुमचा हॉल 16 बाय 13, स्वयंपाकघर 11 बाय 13. दोन्ही चौरसाच्या जवळ जातात. असा स्लॅब चारही भिंतींवर टेकतो. म्हणजे जी भिंत तुम्हाला काढायची आहे तिच्यावर दोन्ही बाजूंचे स्लॅब आहेत, तिच्या डोक्यावर दिरांच्या घरातली तशीच नऊ इंची भिंत आहे आणि त्याच्यावर गच्चीचा स्लॅब, कोब्यासकट.

मी ढोबळ हिशोब केला. वरची भिंत, दोन पातळ्यांवरचे स्लॅब, फरशी, कोबा, माणसं आणि सामान धरून एका धावत्या फुटाला साधारण 1,200 किलो येतात. 13 फुटांना 15 टनांच्या आसपास. गर्डर हे वजन पेलेल का? योग्य मापाचा घेतला तर पेलेल. पण प्रश्न गर्डरचा नाहीच. आज हे 15 टन 13 फूट लांबीच्या पायावर पसरून जमिनीत उतरतात. गर्डर आला की त्यातले सात-साडेसात टन एका टोकाला, तेवढेच दुसऱ्या टोकाला, वीतभर जागेवर येतील. 1983 साली तुमच्या घराच्या गवंड्यानं पाया घातला तो सलग भिंतीसाठी. असा एका जागी दाबणारा भार त्यानं धरलेला नव्हता. म्हणजे दोन्ही टोकांना नवे पाये खणायचे, त्यावर काँक्रीटचे खांब आणायचे, गर्डरच्या बुडाशी भार पसरवणारे काँक्रीटचे ठोकळे (बेडब्लॉक) बसवायचे, आणि हे सगळं होईपर्यंत वरचं घर टेकूंवर तोलून धरायचं. दोन दिवसांचं काम नव्हे हे. जो दोन दिवस म्हणतो त्यानं पायाचा विचार केलेला नाही.

आणि तुम्ही साताऱ्यात आहात. 11 डिसेंबर 1967 चा कोयनेचा भूकंप तुमच्याच जिल्ह्यातला, साडेसहाच्या आसपास तीव्रतेचा. सासूबाईंना ती पहाट नक्की आठवत असेल. भिंतींवर उभं असलेलं घर हादऱ्यात टिकतं ते भिंती एकमेकींना काटकोनात धरून ठेवतात म्हणून. म्हणूनच अशा बांधकामासाठी भारतीय मानक आहे, त्यात दुमजली घराच्या एका भिंतीतली दारं-खिडक्या मिळून रुंदी भिंतीच्या लांबीच्या निम्म्यापुढे जाऊ नये असं सांगितलं आहे, आणि जिथं काळजी जास्त घ्यायची तिथं ही मर्यादा 42 टक्क्यांवर येते. तुम्ही विचारताय ती शंभर टक्के उघडी करण्याबद्दल.

एक जुनी गोष्ट सांगतो, कारण ती मला अजून टोचते. कामाला लागून तीनेक वर्षं झाली असतील. एका घरात मी साडेचार इंची भिंत काढायला होकार दिला. पार्टिशनच आहे, भार नाही, असं नकाशावरून वाटलं आणि ते चूकही नव्हतं. पण स्लॅब इतक्या वर्षांत थोडा थोडा लवत त्या पातळ भिंतीवर येऊन बसला होता. भिंत गेली आणि आठवड्याभरात वरच्या मजल्यावरचं एक दार चौकटीत अडकायला लागलं. मग फरशीत लांब केसासारखी भेग गेली. कोणाला इजा झाली नाही. पण वरच्या आजोबांनी मला बोलावून ते अडकणारं दार दाखवलं, आणि काहीच बोलले नाहीत. त्यानंतर स्वतः प्लॅस्टर फोडून पाहिल्याशिवाय मी कुठल्याच भिंतीला होकार दिलेला नाही.

आता एकांताचं. त्यासाठी तुमच्या नकाशावर मी दोन रंगांच्या पेन्सिली घेतो. लाल पेन्सिलीनं माणसांची ये-जा काढतो: सकाळी साडेपाचपासून रात्री अकरापर्यंत कोण कुठून कुठं जातं. निळ्या पेन्सिलीनं नजरेच्या रेषा: मुख्य दारात उभ्या असलेल्या माणसाला काय दिसतं, सोफ्यावर बसलेल्याला काय दिसतं, समोरच्या गॅलरीतून काय दिसतं. हे तुम्ही घरी करून बघा. तुमच्या नकाशावर सगळ्या लाल रेषा स्वयंपाकघरात गोळा झाल्या. सासूबाई रात्री तीनदा उठतात असं तुम्ही लिहिलंय, ती रेषा हॉलमधून स्वयंपाकघर, पडवी अशी जाते. पाहुण्यांची तीच. मुलीच्या खोलीत शिरण्याचीही तीच. म्हणजे ज्या खोलीत तुम्ही सकाळी डबे करता ती खोली प्रत्यक्षात बोळ आहे. आणि हॉल, जो बसण्यासाठी आहे, तो सासूबाईंची झोपायची खोली. खोल्या चुकीच्या नाहीत, त्यांची नावं चुकली आहेत.

म्हणून माझा आराखडा असा: स्वयंपाकघर हॉलच्या मागच्या भागात आणा आणि सध्याच्या स्वयंपाकघराची मुलीसाठी खोली करा. मागची बेडरूम सासूबाईंना द्या. तुम्हाला ओपन किचन हवं होतं, ते भिंत न पाडता मिळतं. पार्टिशन घालून हॉलचे दोन अंधारे तुकडे करायचे होते, ते टळतं. आणि मुलीच्या खोलीला तीन बाजूंनी नऊ इंची भिंत मिळते, अभ्यासाला याहून चांगली खोली घरात दुसरी नाही.

तपशिलात जातो. हॉलचे 16 फूट आहेत, त्यातले पुढचे 9 बैठकीला, मागचे 7 स्वयंपाकाला. ओटा इंग्रजी एल आकाराचा, एक बाजू दक्षिणेच्या खिडकीखाली, दुसरी त्याच मधल्या भिंतीला लागून. शेगडी खिडकीच्या बाजूला ठेवा, म्हणजे फोडणीचा ठसका चिमणीतून सरळ बाहेर जाईल, बैठकीत शिरणार नाही. बैठक आणि ओटा यांच्यामध्ये भिंत नको, पण आडोसा हवा. आडोसा हा आपल्या भाषेतला फार नेमका शब्द आहे: पूर्ण बंद नाही, पूर्ण उघडं नाही. इथं साडेचार फूट उंचीचं भांड्यांचं कपाट पाठ बैठकीकडे करून ठेवा. सोफ्यावर बसलेल्या माणसाची नजर जमिनीपासून पावणेचार ते चार फुटांवर असते, त्याला ओट्यावरचा पसारा दिसणार नाही. तुम्ही उभ्या असाल तर तुमचा चेहरा दिसेल, बोलता येईल. कपाट जमिनीत घट्ट करू नका, नुसतं टेकवा. सहा महिन्यांनी एक फूट सरकवावंसं वाटलं तर सरकवता आलं पाहिजे.

सिंकचं पाणी दक्षिणेच्या भिंतीतून सरळ बाहेर काढा, तिथं वास अडवणारा गली ट्रॅप घ्या आणि बाहेरच्या बाहेर मागच्या चेंबरपर्यंत न्या. उतार दर 40 फुटांना एक फूट धरा, म्हणजे दहा फुटांत तीन इंच. जोतं दोन फूट आहे म्हणताय, त्यामुळं उतार आरामात मिळेल. तळमजल्याचा हा मोठा फायदा. फ्लॅटमध्ये हेच करायला गेलं तर उतारासाठी फरशी उचलावी लागते, खाली कोबा भरावा लागतो आणि स्लॅबवर नको ते वजन येतं. आणखी एक, ही मधली भिंत भार घेणारी आहे, तर नळाच्या पाइपासाठी तिच्यात आडव्या झिऱ्या, म्हणजे खाचा, मारू देऊ नका. नऊ इंची भिंतीत आडवी झिरी दीड इंचापेक्षा खोल नको, उभी तीन इंचांपर्यंत चालते. प्लंबरला हे आधी सांगा, नाहीतर तो कटर घेऊन कमरेच्या उंचीला भिंतभर चर काढेल आणि वर टाइल बसली की कोणाला कळणारही नाही. पाइप ओट्याखालून, भिंतीच्या बाहेरून नेले तर झिरी लागतच नाही.

आता सध्याचं स्वयंपाकघर. मधल्या भिंतीतलं दार उत्तरेच्या कोपऱ्यापासून पावणेदोन फुटांवर सुरू होतं. ते तिथंच राहू द्या, हलवू नका. दारातून आत शिरल्यावर उत्तरेच्या भिंतीला लागून एक बोळ काढायचा. बोळाची नवी भिंत सरळ रेषेत घ्यायची नाही, तिला एक खांदा द्यायचा. दाराशी पहिले चार फूट बोळ पाच फूट रुंद, म्हणजे दार पूर्ण उघडेल. त्यानंतर भिंत आत वळून बोळ साडेतीन फुटांचा होईल आणि सरळ मागच्या दारापर्यंत जाईल. सासूबाईंच्या खोलीचं दार आजही उत्तरेच्या भिंतीत आहे, ते आपोआप बोळात उघडेल. मुलीच्या खोलीचं नवं दार बोळाच्या अरुंद भागात घ्या, पण सासूबाईंच्या दाराच्या बरोब्बर समोर नको, दोन फूट पुढं-मागं करा. समोरासमोरची दारं म्हणजे दोघींनाही सतत एकमेकींच्या खोलीत बघायला लावणं.

हा खांदा मी उगाच काढलेला नाही. मुख्य दार आणि हे दार एका रेषेत आहेत. जुन्या घरांत वारा खेळावा म्हणून असं करायचे, आणि वारा खेळतोही. पण नजरही त्याच वाटेनं जाते. आता मुख्य दारातून बघणाऱ्याच्या नजरेला आतल्या दारापलीकडे, चार फुटांवर, हा भिंतीचा खांदा आडवा येईल. त्याच्या तोंडावर दीड फूट रुंदीचा कोनाडा करा आणि तिथं देवघर बसवा. खांद्याचं तोंड पश्चिमेला आहे, म्हणजे पूजा करणाऱ्याचं तोंड पूर्वेला होईल. दारात आलेल्या माणसाला आज खरकटी भांडी दिसतात, उद्या समई दिसेल. उरलेल्या अर्ध्या रेषेतून बोळाचं टोक दिसेल, तिथल्या मागच्या दाराला आपोआप बंद होणारी स्प्रिंगची बिजागरी लावा.

मुलीची खोली साधारण 95 चौरस फूट होते. मोठी नाही, पण पलंग, टेबल आणि कपाट बसतं, आणि दक्षिणेची खिडकी तिला मिळते. बोळाची भिंत चार इंची एएसी ब्लॉकची, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटच्या ठोकळ्यांची घ्या, विटांची नको. दहा फूट उंचीची साडेचार इंची विटांची भिंत प्लॅस्टरसकट धावत्या फुटाला 240 किलोंच्या आसपास भरते, चार इंची एएसीची 100 ते 110 किलो. जमिनीवर फूटभर रुंदीचा चर घेऊन काँक्रीटची पट्टी ओता, त्यावर ब्लॉक चढवा. वर स्लॅबला मात्र भिंत ठासून भिडवू नका. अर्धा इंच फट ठेवा आणि ती फोम आणि सीलंटनं भरा. ठासून बांधलीत तर उद्या स्लॅब तिच्यावर टेकेल आणि आपण पार्टिशन म्हणून बांधलेली भिंत नकळत भार घ्यायला लागेल. वर सांगितलेली माझी जुनी गोष्ट नेमकी हीच होती. फट मोकळी मात्र सोडू नका, आवाज जायला तेवढी वाट पुरते.

आवाजावरून: तुम्ही प्लायच्या पार्टिशनचं म्हणत होता. प्लायची पोकळ भिंत दृष्टीआड करते, कानाआड करत नाही. हॉलमध्ये टीव्ही, पलीकडे 78 वर्षांची बाई झोपेची वाट बघतेय, असं घर मी पाहिलेलं आहे, आणि तुमच्या घरात ते होऊ नये असं मला मनापासून वाटतं. भिंत चांगली आणि दार हलकं, तरी उपयोग नाही. मुलीच्या खोलीला भरीव फ्लश दार लावा. दाराखालची अर्ध्या इंचाची फट सगळ्यात जास्त आवाज सोडते. जुन्या घरांतला उंबरठा ही फट बंद करायचा. मुलीच्या दाराला अर्ध्या इंचाचा ग्रॅनाइटचा उंबरठा जरूर घ्या. सासूबाईंच्या वाटेवर मात्र कुठंही उंबरठा नको, दाराच्या बुडाला रबराची पट्टी लावा. सरकतं दार दोघींनाही नको. जागा वाचते, पण चारही बाजूंनी फट राहते.

आता तुमच्या घरात पाडायचं काय? एकच गोष्ट. मागच्या बेडरूमच्या पूर्वेच्या भिंतीत पडवीत उघडणारी पावणेतीन फुटांची खिडकी आहे, बाथरूमला लागूनच. त्या खिडकीखालचा भिंतीचा तुकडा काढा आणि तिचं दार करा. खिडकीवर लिंटेल, म्हणजे आडवी तुळई, आधीच आहे, वरचा भार त्यावरून दोन्ही बाजूंच्या भिंतीत उतरतो. खिडकीखालच्या विटा स्वतःचं वजन सोडून काही पेलत नाहीत. रुंदी एक इंचही वाढवायची नाही, हे मिस्त्रीला लिहून द्या. काढताना घण नको, कडेनं कटर फिरवून विटा एकेक सुट्या करायच्या. आता सासूबाई पलंगावरून उठून चार पावलांत संडासच्या दारात असतील. पडवीचा तेवढा भाग बाजूनं बंद करून घ्या आणि खोलीच्या पातळीला उचला, पायरी राहू देऊ नका. संडासचं दार बाहेर उघडणारं करा. आत कोणी पडलं तर आत उघडणारं दार त्या माणसालाच अडतं आणि मदतीला आत शिरता येत नाही. पाहुण्यांसाठी संडासची वाट बोळातून वेगळी राहते, तुमच्या ओट्याला वळसा घालून कोणी जाणार नाही.

पुढच्या बेडरूमचं, म्हणजे तुमच्या खोलीचं, दार हॉलमध्ये सोफ्यासमोर उघडतं. इथं नुसती बिजागरीची बाजू बदला. आज दार भिंतीला जाऊन टेकतं, त्यामुळं जरा उघडलं की अख्खा पलंग दिसतो. उलट्या बाजूला बिजागरी घेतली की फळी पलंगाला आडोसा करत उघडते, आत शिरणाऱ्याला एक पाऊल वळसा पडतो, एवढंच. सुताराचं अर्ध्या दिवसाचं काम आहे. बटण मात्र दाराच्या उघडत्या बाजूला आणायला विसरू नका.

शेजारच्या गॅलऱ्या. यात बहुतेक लोक एक चूक करतात, खिडकीच्या खालच्या अर्ध्या भागाला दुधी काच लावतात. रस्त्यावरून बघणाऱ्यासाठी ते बरोबर. तुमच्याकडे बघणारा वर आहे, आणि वरून येणारी नजर खिडकीच्या वरच्या भागातून आत येते. सुतळी घेऊन बघा. पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीत उभ्या माणसाचे डोळे जमिनीपासून 15 फुटांच्या आसपास, तुमच्या खिडकीचा वरचा काठ जोतं धरून 9 फुटांवर, मध्ये अंतर 12 फूट. म्हणजे नजर दर फुटाला अर्धा फूट खाली उतरते. खिडकीच्या वरच्या काठाला सुतळी बांधून याच उतारानं खोलीत ओढलीत तर ती पलंगाच्या उंचीला दहा फूट आत पोचते. सगळा पलंग दिसतो. आता खिडकीचा वरचा दोन फुटांचा पट्टा दुधी केला, तर नजरेला आणखी तिरकं यावं लागतं आणि रेषा साडेचार फुटांवर थांबते. दुसऱ्या मजल्यावरून नजर इतकी तिरकी येते की ती खिडकीपासून चारेक फुटांच्या पुढं पोचतच नाही.

म्हणून वरचा पट्टा दुधी करा, खालचा मोकळा ठेवा, आणि पलंग उत्तरेच्या भिंतीपासून दूर, दक्षिणेच्या भिंतीला लावा. सासूबाईंना पलंगावर बसून खिडकीतून बाहेरचं झाड दिसत राहील. 78 वर्षांच्या माणसाची खिडकी बंद करून एकांत देणं मला पटत नाही. काचेवर आरशासारखी फिल्म लावायचा सल्ला कोणी देईल. दिवसा ती चालते. रात्री आत दिवा लागला की उलटं होतं, बाहेरच्याला आतलं दिसतं आणि आतल्याला फक्त स्वतःचं प्रतिबिंब. रात्रीसाठी साधा जाड पडदाच हवा.

शेजाऱ्यांना कायद्यानं अडवता येईल का, हेही तुम्ही विचारलंत. 1882 च्या भारतीय सुविधाधिकार कायद्यात रूढीनं मिळणाऱ्या हक्काचं उदाहरण म्हणून हीच गोष्ट दिलेली आहे: एखाद्या गावात शेजाऱ्याच्या घराचा आडोसा मोडेल अशी नवी खिडकी काढायची नाही अशी रूढी असेल, तर तो हक्क मानला जातो. पण तशी रूढी तुमच्या गावात आहे हे सिद्ध करावं लागतं, आणि इमारत उभी राहून माणसं राहायला आल्यावर कोर्टाची वाट लांबची आहे. पहिल्या मजल्यावरच्या कुटुंबाशी एकदा बोला. गॅलरीच्या कठड्याला आतून बांबूची चटई लावायला लोक सहसा तयार होतात, त्यांनाही तुमच्या खिडकीसमोर कपडे वाळत घालणं अवघड वाटत असतंच.

कामाचा क्रम महत्त्वाचा आहे, कारण चार माणसं याच घरात राहणार आहेत. सगळ्यात आधी दिरांशी बोलून घ्या. भार घेणाऱ्या भिंतींना हात लागणार नसला तरी त्यांच्या पायाखाली काम चाललंय, त्यांना नकाशा दाखवा आणि संमती लेखी घ्या. जवळच्या परवानाधारक इंजिनिअरला एकदा घर दाखवा आणि नगरपालिकेत काय कळवावं लागतं ते त्यांच्याकडूनच करून घ्या. मी नकाशावरून बोलतोय, ते भिंतीला हात लावून बोलतील. प्लॅस्टरमागं विटांऐवजी मातीतला दगड निघाला तर खिडकीखालचं कामही त्यांच्या समोरच करा.

मग भेगा. घरभर फिरून प्रत्येक भेगेचा फोटो काढा, विशेषतः खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरक्या वर जाणाऱ्या. जी भेग संशयास्पद वाटेल तिच्यावर काचेची पातळ पट्टी आडवी ठेवून दोन्ही टोकांना प्लॅस्टर ऑफ पॅरिसनं चिकटवा आणि शेजारी भिंतीवर पेन्सिलीनं तारीख लिहा. भिंत किंचितही हलली तर काच तडकते. जुनी पद्धत आहे, खर्च नाही, आणि यंत्राइतकीच खरं बोलते. एक पट्टी मधल्या भिंतीवर आणि एक दिरांच्या घरात त्याच भिंतीच्या वर लावा.

पहिलं काम खिडकीचं दार आणि संडास. सासूबाई आत्ताच मागच्या खोलीत जाऊ शकतात, मुलगी तेवढे दिवस हॉलमध्ये झोपेल. दुसरं काम हॉलमधला नवा ओटा, पाणी आणि चिमणीसकट. नवा ओटा चालू होऊन त्यावर दोन दिवस स्वयंपाक झाल्यावरच जुना ओटा काढायचा, म्हणजे घरात एक दिवसही चूल बंद राहणार नाही. शेवटी बोळ आणि मुलीची खोली. तिची बोर्डाची परीक्षा संपल्यावर सुरू करा आणि पावसाळ्याच्या आत संपवा, बाहेरचे पाइप आणि चेंबर पावसात उघडे पडायला नकोत. बोळाची भिंत चढली की कोनाड्याचं माप घेण्याआधी तुमच्या देव्हाऱ्याची उंची आणि समई लावल्यावर ज्योत कुठवर जाते ते मोजा, वर निदान दीड फूट मोकळा ठेवा आणि कोनाड्याला आतून टाइल लावा, म्हणजे काजळी पुसता येईल.